यादीत नाव आहे का?

बालमित्रांनो,

जूनमधला शाळेचा पहिला आठवडा आठवतो ना? बाई कॅटलॉग उघडतात, एकेक नाव घेतात आणि "हजर बाई, हजर बाई" असा गलका सुरू होतो. सगळी नावं संपली की शेवटच्या रांगेतलं एखादं पोर तोंड एवढंसं करून उभं राहतं. "बाई, माझं नाव घेतलंच नाही!" पोर समोर उभं आहे. त्याचं दप्तर आहे, डबा आहे, पाटीवर कालचा अभ्याससुद्धा आहे. पण कॅटलॉगात नाव नाही, म्हणून हजेरी नाही. मग बाई ऑफिसात जातात, दाखल्याची फाईल काढतात, नाव चढवतात, आणि दुसऱ्या दिवशी ते पोर सगळ्यांत मोठ्यानं "हजर!" म्हणून ओरडतं.

मोठ्या माणसांचाही असाच एक कॅटलॉग असतो. त्याला म्हणतात मतदार यादी. फरक एवढाच, की मतदानाच्या दिवशी तिथं नाव सापडलं नाही, तर "थांबा हं, आत्ता चढवते" असं कुणीच म्हणू शकत नाही. त्या दिवशी उशीर झालेला असतो.

हे मला पक्कं ठाऊक आहे, कारण शाळा सुटल्यावर मी ते यादीचंही काम करते. तुमच्यापैकी खूप जणांच्या बाई किंवा गुरुजी करत असतील. आम्हाला 'बीएलओ' म्हणतात. एका मतदान केंद्राची यादी आमच्याकडे असते. घरोघर जायचं, नवीन कोण, लग्न होऊन कोण आलं, कोण वारलं, कोण गाव सोडून गेलं, ते विचारायचं आणि लिहायचं. काम किचकट, उन्हाचं, आणि कुत्र्यांचंही. (आमच्या गावातली कुत्री आता मला ओळखतात. पहिल्या वर्षी ओळखत नव्हती.)

आज तुम्हाला या यादीच्या तीन गोष्टी सांगते. त्यातल्या एका गोष्टीत चूक माझीच आहे.

पहिली गोष्ट माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची. आता तो तालुक्याच्या गावी राहतो. ऑगस्ट २०२५ मध्ये त्याला अठरा वर्षं पूर्ण झाली. पोरगा हुशार, त्यानं वेळेवर अर्ज केला, दिवाळीनंतर फोटोचं ओळखपत्रही हातात आलं. डिसेंबरात नगरपरिषदेची निवडणूक होती. हा नवा शर्ट घालून सकाळीच रांगेत. टेबलावरच्या माणसानं यादी चाळली, पुन्हा चाळली, आणि म्हणाला, "तुमचं नाव नाही." "अहो, हे कार्ड बघा ना!" "कार्ड खरं आहे. पण यादीत नाव नाही."

संध्याकाळी त्यानं मला फोन केला. आवाज रडवेला. "बाई, मी कार्ड घेऊन घरी परत आलो."

असं का झालं? ही गोष्ट पुष्कळ मोठ्या माणसांनाही ठाऊक नसते, म्हणून नीट वाचा. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, नगरपालिका, महानगरपालिका या सगळ्यांच्या निवडणुका महाराष्ट्रात राज्य निवडणूक आयोग घेतो. हा आयोग १९९४ मध्ये स्थापन झाला. आमदार-खासदारांच्या निवडणुका घेतो तो भारत निवडणूक आयोग, तो वेगळा. पण यादी मात्र दोघांची मुळात एकच! नाव नोंदवायचं ते विधानसभेच्या यादीत. राज्य निवडणूक आयोग एक तारीख जाहीर करतो, त्या तारखेला विधानसभेच्या यादीत जेवढी नावं असतील तेवढी उचलतो, आणि त्यांची प्रभागाप्रमाणे वाटणी करतो. भाकरीचं पीठ एकच, गोळे वेगळे. त्या तारखेनंतर विधानसभेच्या यादीत आलेलं नाव या गोळ्यात येत नाही.

२०२५-२६ मधल्या निवडणुकांसाठी ती तारीख होती १ जुलै २०२५. आमच्या पोराला अठरा झाली ऑगस्टात. विधानसभेच्या यादीत तो आहे, कार्डही खरं, पण नगरपरिषदेच्या यादीत नाही. नियमानं सगळं बरोबर आणि पोरगा मात्र रांगेतून बाहेर. मला स्वतःला हा नियम थोडा कडक वाटतो. पण तो माहीत असता, तर निदान नवा शर्ट घालून रांगेत उभं राहायची वेळ आली नसती.

वाटणी झाली की प्रभागाची कच्ची यादी लागते. तिला 'प्रारूप यादी' म्हणतात. त्यावर हरकती घ्यायला थोडे दिवस मिळतात. तेव्हा काय दुरुस्त होतं? तुमची गल्ली चुकून शेजारच्या प्रभागात गेली असेल, छपाईची चूक असेल, विधानसभेच्या यादीत नाव असूनही प्रभागाच्या यादीतून सुटलं असेल, तर ते. अगदी नवीन नाव मात्र त्या वेळी घेत नाहीत. म्हणून गावात निवडणुकीचे भोंगे फिरायला लागल्यावर यादी शोधणं म्हणजे परीक्षेच्या दिवशी पुस्तकाला कव्हर घालणं.

"बाई, पण एका मतानं काय होतं?" असं तुमच्यापैकी कुणीतरी विचारणारच. तर ऐका. २००८ मध्ये राजस्थानात नाथद्वारा मतदारसंघात सी. पी. जोशी नावाचे मोठे नेते विधानसभेची निवडणूक हरले. किती मतांनी? एका! आणि मुंबई महानगरपालिकेच्या २०१७ च्या निवडणुकीत प्रभाग क्रमांक २२० मध्ये दोन उमेदवारांना अगदी सारखी मतं पडली, प्रत्येकी ५,९४६. शेवटी चिठ्ठ्या टाकल्या आणि एका लहान मुलीनं त्यातली एक उचलली. म्हणजे त्या प्रभागाचा नगरसेवक कोण, हे ज्या मुलीला मत द्यायचा अधिकारही नव्हता तिच्या हातून ठरलं. ज्यांची नावं यादीत नव्हती, त्यांना त्या रात्री काय वाटलं असेल?

ग्रामपंचायतीत तर प्रभाग केवढेसे असतात! तिथं पाच-दहा मतांनी हार-जीत ही नेहमीचीच गोष्ट. एका वाड्यातली नावं गळली, तरी निकाल फिरू शकतो.

आता दुसरी गोष्ट. ही माझ्या चुकीची.

आमचं गाव बीड जिल्ह्यात, बालाघाटच्या डोंगरात. दसरा-दिवाळी झाली की अर्धं गाव ऊसतोडीला जातं. मुकादम येतो, ट्रक-ट्रॅक्टर लागतात, भांडीकुंडी, कोंबड्या, लहान पोरं सगळं वर चढतं, आणि चार-पाच महिने घरांना कुलूप. काही मुलं गावातच आजी-आजोबांपाशी राहतात. काहींच्या आजीही कारखान्यावर जातात, कोपीवर स्वयंपाक करायला आणि तान्ही पोरं सांभाळायला कुणी तरी लागतंच ना.

एका हिवाळ्यात मी यादी घेऊन फिरत होते. एका घराला कुलूप. शेजारच्यांना विचारलं. "गेले की कारखान्यावर." मी पुढच्या गल्लीत गेले. आठवड्यानं परत आले, कुलूपच. संध्याकाळ झाली होती, अजून वीस घरं राहिली होती, आणि मी त्या घरातल्या आजीच्या नावापुढं लिहून टाकलं, 'स्थलांतरित'. पुढं रीतीप्रमाणे नोटीस गेली. कुलूपबंद घरात नोटीस वाचणार कोण? नाव निघालं.

मार्च-एप्रिलात माणसं परतली. १ मे ला, महाराष्ट्र दिनी, ग्रामसभा भरली. त्या आजींच्या वस्तीवर नळाला पाणी येत नव्हतं. आजी उभ्या राहिल्या आणि बोलू लागल्या. तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "आजी, तुमचं नाव यादीतच न्हाई. तुम्हाला ग्रामसभेत बोलता येत न्हाई."

मुलांनो, त्या माणसाचं बोलणं वाईट होतं, पण कायद्यानं खोटं नव्हतं. ग्रामसभा म्हणजे कोण? गावात राहणारे सगळे, असं आपल्याला वाटतं. राज्यघटनेनं मात्र ग्रामसभेची व्याख्या केली आहे ती अशी, की गावाच्या मतदार यादीत ज्यांची नावं आहेत, ती माणसं म्हणजे ग्रामसभा. १९९३ मध्ये त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती लागू झाली तेव्हापासून हे घटनेत लिहिलेलं आहे. म्हणजे यादीतून नाव गेलं, की पाच वर्षांतून एकदाचं मतच जातं असं नाही. पाणी, रस्ता, घरकुल यावर सभेत उभं राहून विचारायचा हक्कही जातो.

आजी खाली बसल्या. मी तिथंच बसले होते. त्या क्षणी मला कळलं नाही की हे माझ्या पेनानं झालं आहे. कळलं दुसऱ्या दिवशी. त्यांची नात माझ्याच वर्गात, चौथीत. सकाळी सकाळी आली आणि म्हणाली, "बाई, आज्जीचं नाव कुनी काढलं?" मी यादी काढली. आणि माझंच अक्षर दिसलं.

काय करणार? मधल्या सुट्टीत तिच्या घरी गेले. आजींना सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, ते मला जास्त लागलं. एवढंच म्हणाल्या, "बाई, आम्ही पोटासाठी जातो. गाव सोडून जात न्हाई."

हेच वाक्य, जरा जड भाषेत, कायद्यातही आहे! १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात म्हटलं आहे, की माणूस थोड्या काळासाठी आपल्या राहत्या ठिकाणाहून बाहेर गेला, तेवढ्यानं तो तिथला रहिवासी राहिला नाही असं होत नाही. मला हे ठाऊक असायला हवं होतं. डी.एड.च्या अभ्यासात ते नव्हतं, पण हे कारण काही खरं नाही. काम अंगावर घेतलं तर ते वाचायला नको?

आजींचा अर्ज पुन्हा भरला. नात शेजारी बसून प्रत्येक रकाना वाचत होती. नावाच्या रकान्यापाशी आजी जरा थांबल्या. माहेरचं नाव एक, लग्नात सासरच्यांनी ठेवलेलं नाव दुसरं, रेशनकार्डावर तिसरंच काहीतरी छापलेलं. "कोणतं लिहू?" मी विचारलं. आजी म्हणाल्या, "पन्नास वर्सांत कुनी इचारलंच न्हाई."

यावरून तिसरी गोष्ट. ही फार जुनी.

स्वतंत्र भारताची पहिली निवडणूक झाली १९५१-५२ साली. त्यासाठी देशभर घरोघर फिरून याद्या केल्या. साधारण सतरा कोटी तीस लाख मतदार! सुकुमार सेन हे पहिले मुख्य निवडणूक आयुक्त. याद्या बघताना त्यांच्या लक्षात आलं, की लाखो बायकांनी आपलं नावच सांगितलेलं नाही. परक्या माणसाला बाईनं स्वतःचं नाव सांगायचं नाही, अशी तेव्हा रीत होती. मग यादीत लिहिलं गेलं 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई'. बिहार, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश, राजस्थान या भागांत असं जास्त झालं. सेन म्हणाले, असं चालणार नाही, प्रत्येक मतदाराला स्वतःचं नाव हवं. नावं सांगायला मुदत वाढवून दिली. पुष्कळ जणींनी सांगितली. तरीही शेवटी सुमारे अठ्ठावीस लाख बायकांची नावं यादीतून काढावी लागली.

अठ्ठावीस लाख! मला कधी कधी वाटतं, सेन यांनी फार कडक केलं. मग वाटतं, नाही, बरोबर केलं. 'अमक्याची बायको' असं तेव्हा चालवून घेतलं असतं, तर पुढंही चाललं असतं. तुम्हाला काय वाटतं? घरी आईला आणि बाबांना, दोघांनाही विचारा. उत्तरं बहुधा वेगळी येतील.

आता तुम्ही म्हणाल, बाई, हे सगळं मोठ्यांचं. आमचा काय संबंध? आहे की. तुमची शाळा जिल्हा परिषदेची असेल, तर तिच्या खोल्या, तिचं छप्पर, तिचं पाणी जिल्हा परिषदेच्या बैठकांत ठरतं. फार पूर्वी आपल्याकडे प्राथमिक शाळांसाठी वेगळी स्कूल बोर्डं होती. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि शाळा त्यांच्याकडे आल्या. म्हणून जिल्हा परिषदेची निवडणूक ही तुमच्या शाळेचीही निवडणूक असते.

काही देशांत शाळांसाठी वेगळं मतदान होतं. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात, टोरांटो आणि आसपासच्या शहरांत पुष्कळ मराठी कुटुंबं राहतात. तिथं महापौर आणि नगरसेवकांच्या निवडणुकीच्या दिवशीच शाळा मंडळाचा सदस्यही निवडतात. मंडळं चार प्रकारची, इंग्रजी आणि फ्रेंच, सरकारी आणि कॅथलिक. तुम्ही कोणत्या मंडळाच्या बाजूचे, याची नोंद मतदार यादीतच असते. ती नोंद चुकली, तर मुलगा एका शाळेत आणि मत दुसऱ्या मंडळाला! गंमत म्हणजे तिथं सोळा-सतरा वर्षांच्या मुलांसाठी 'भावी मतदारां'ची वेगळी वही आहे. अठरा पूर्ण झाले, की नाव आपोआप पुढं सरकतं.

आणि आपल्या शाळेतही एक निवड होतेच. शाळा व्यवस्थापन समितीची. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार सरकारी आणि अनुदानित शाळांत ही समिती असते. तिच्यात चारांतले तीन सदस्य पालक हवेत आणि निम्म्या बायका हव्यात. शाळेचा विकास आराखडा करणं, आलेला पैसा कसा खर्च होतो ते बघणं, हे तिचं काम. हिची यादी म्हणजे आपला साधा कॅटलॉगच. ज्याचं मूल पटावर, तो पालक. अर्ज नाही, कार्ड नाही. आणि तरी पालकसभेला माणसं किती येतात? मागच्या वेळी आमच्याकडे वर्गात बाकं पुरून उरली. पालकांनो, हे तुमच्यासाठी लिहिलं आहे. मुलांनी पुढचं वाचलं तरी चालेल.

येत्या रविवारी एक काम करा. घरातल्या अठरा वर्षांवरच्या सगळ्यांची नावं वहीत लिहा, जशी कागदपत्रांवर आहेत तशी. मग यादी मिळवा. बीएलओकडे असते, तहसील कार्यालयात असते, मोबाईलवर निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावरही शोधता येते. तुम्ही शाळेत जाता, वाचता येतं, म्हणून वाचायचं काम तुमचं. एकेक नाव बोट ठेवून वाचा. काना-मात्रा बघा. आजीचं वय आईपेक्षा कमी छापलंय का बघा. (हसू नका, असं मी पाहिलेलं आहे.) आजोबा वारले असतील आणि नाव तसंच असेल तर तेही सांगा. काहींना ते नाव काढवत नाही, मला समजतं ते. पण यादी जिवंत माणसांची असते. आणि शहरात गेलेल्या काकांचं नाव दोन्हीकडे असेल तर एकच ठेवायचं. एका माणसाचं नाव एकाच ठिकाणी, असा कायदा आहे. अर्जात खोटं लिहिलं तर शिक्षाही होऊ शकते.

नवीन नावासाठी अर्ज क्रमांक ६. नाव काढण्यासाठी ७. दुरुस्तीसाठी किंवा पत्ता बदलला असेल तर ८. पैसे लागत नाहीत. कुणी मागितले तर देऊ नका. अडलं तर १९५० या क्रमांकावर फोन करायचा. निवडणूक आयोग १९५० साली स्थापन झाला, तोच हा आकडा, म्हणून लक्षात राहतो.

आणि घरात सतरा वर्षं पूर्ण झालेला दादा किंवा ताई असेल, तर त्यांना हे पान वाचायला द्या. पूर्वी १ जानेवारी ही एकच तारीख धरत. २ जानेवारीला जन्मलेल्याला जवळजवळ वर्षभर थांबावं लागे. २०२२ पासून १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा झाल्या. सतरा पूर्ण झाले की आगाऊ अर्जही करता येतो. रांगेतून परत आलेल्या माझ्या विद्यार्थ्याला हे तेव्हाच सांगितलं असतं, तरी त्याच्या बाबतीत उपयोग नव्हता, ऑगस्ट तो ऑगस्टच. पण त्याच्याच वर्गातल्या एका मुलीला मे महिन्यात अठरा पूर्ण झाली होती. तिनं "बघू नंतर" म्हणून अर्ज केला ऑक्टोबरात. तिला कदाचित उपयोग झाला असता.

आजींचं नाव पुढच्या यादीत आलं. शाळेच्या भिंतीवर कच्ची यादी लावली तेव्हा नातीनंच आधी शोधलं आणि आजींना हाताला धरून घेऊन आली. मोठ्यानं वाचू लागली, आधी आजींचं नाव, मग पतीचं नाव, घर क्रमांक, वय. आजींनी तिला थांबवलं. "पहिलं परत वाच," म्हणाल्या.

नातीनं परत वाचलं. मग त्याच रांगेत खाली तिला आपल्या काकूचं नाव सापडलं, आणि त्यात 'शा' चा 'सा' झाला होता. आजच सकाळी आम्ही अर्ज क्रमांक ८ भरला.

तुम्हाला तुमच्या घरच्या यादीत काय सापडलं, ते मला पत्रानं कळवा. पत्त्याच्या खाली इयत्ता लिहायला विसरू नका.

तुमची,
बाई